मुळं वर

"ही सगळी उलटी आहेत," नव्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या कपाटाकडे गेल्यासुद्धा. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे उभी. मला आधी वाटलं, पाट्यांबद्दल बोलतायत. पुसणारी माणसं पाट्या उलट्या लावून ठेवतात मधूनमधून. पण त्या वळल्या आणि बोटानं काचेवर टकटक केलं. आत माझी झाडं होती. झाडं म्हणजे फुप्फुसं. मेलेल्या माणसाच्या फुप्फुसातल्या नळ्यांमध्ये पातळ राळ ओतायची, ती आत घट्ट झाली की सगळं ॲसिडच्या टाकीत सोडायचं. मांस विरघळून जातं आणि नळ्यांचा तेवढा आकार उरतो, खोड, फांद्या, डहाळ्या, डहाळ्यांना आणखी डहाळ्या. वैद्यकीय कॉलेजच्या या संग्रहालयात मी हेच काम करते. माझ्या आधी मास्तर करायचे, त्यांनी मला शिकवलं, आणि त्यांच्याच पद्धतीनं मी प्रत्येक झाड लाकडी ठोकळ्याला भोक पाडून त्यात रोवत आले, खोड खाली, फांद्या वर, रोपवाटिकेत ठेवावं तसं. बाई विभागप्रमुख, वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, येऊन महिनाही झालेला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या की श्वासनळी गळ्यात असते, पोटात नसते; मुलं छातीचं चित्र डोक्यात उलटं घेऊन जातात; इतकी वर्षं हे कुणाला खटकलं कसं नाही. मग माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटलं. काम सुरेखच आहे, फक्त टांगून ठेवा, म्हणाल्या.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आल्या मोठ्या, असं मी मनात म्हटलं, आणि नंतर कामाच्या खोलीत एकटीच असताना मोठ्यानंही म्हटलं. पण बाईंचं खरं होतं, हीच तर चीड होती. खोटं असतं तर भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. मास्तरांना मी एकदाच विचारलं होतं, हे असं उभं का करायचं म्हणून. ते म्हणाले, झाड उभंच शोभतं. झालं. पुढे तेच वाक्य मी बघायला येणाऱ्यांना ऐकवत आले, जसं काही त्यात मोठं शास्त्र आहे. आणि गंमत अशी की करताना ते टांगलेलंच असतं. श्वासनळीच्या तोंडाला दोर बांधून फुप्फुस आकड्याला लटकवायचं, वरून नरसाळ्यानं राळ सोडायची, तसंच टांगतं टाकीत बुडवायचं, तसंच वर काढून बारीक धारेखाली धुवायचं. सगळा वेळ खोड वर, फांद्या खाली. मग अगदी शेवटी आपण ते उलटं करतो आणि ठोकळ्यात बसवतो. उभ्या हयातीत हे मी किती वेळा केलं असेल, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की मघाशी होतं तेच बरोबर होतं.

जेवणानंतर मी पहिलं झाड ठोकळ्यातून सोडवायला घेतलं. जुनी राळ पिवळी पडते, ठिसूळ होते, जरा हात हलला की डहाळी कट्‌कन जाते. खोडाभोवतीचा डिंक कोरून काढला, ठोकळा हळूच खाली ओढला आणि झाड खोडाला धरून खिडकीसमोर उचललं. फांद्या खाली लोंबल्या. उजेड त्यांच्यातून झिरपून माझ्या हातावर आला. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, मुळं वर, फांद्या खाली. शब्द माझे नव्हते, अक्काचे होते. म्हणजे अक्काचेही नव्हेत, पोथीतले. गेले कित्येक दिवस अक्का घरी खुर्चीत बसून त्यांच्यावर डोकं फोडत होती आणि मी दर वेळी "हो गं हो" म्हणत स्वयंपाकघरात जात होते. झाड हातात तसंच धरून मी स्टुलावर बसले, आणि ते खाली कसं ठेवायचं हेच मला कळेना, कारण ठोकळ्याशिवाय ते कशावरच उभं राहत नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, त्यामुळे आई म्हटलं की मला अक्काचाच चेहरा दिसतो, आईचा फोटो बघूनही दिसत नाही. तिनं लग्न केलं नाही. माझ्यामुळे, असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. मग मीही केलं नाही, पण ते कुणामुळे नव्हे, माझ्या तोंडाळपणामुळे. ती शाळेत भूमिती शिकवायची. देवभोळी मुळीच नाही. देवापुढे हात जोडताना तिला मी पाहिलेलं नाही. पण नोकरी सुटल्यावर तिनं ती पोथी हातात घेतली आणि प्रमेय सोडवावं तशी सोडवायला लागली, रोज सकाळी थोडी, हातात पेन्सिल घेऊन. पटलं नाही की समासात काट मारायची. त्यात एका ठिकाणी ते झाड आहे. त्याची मुळं वर आहेत आणि फांद्या खाली पसरल्यात, त्याची पानं म्हणजे मंत्र आहेत, इथून बघितलं तर त्याचं खरं रूप दिसत नाही, सुरुवात कळत नाही आणि शेवटही कळत नाही, आणि ते झाड तोडायचं, कुऱ्हाड कसली तर कशातही जीव न गुंतवण्याची. इथं अक्का अडली. "तोडायचं तर कुठून?" ती विचारायची. खालून तोडावं तर नुसत्या फांद्या पडणार, झाड आहे तिथंच. वरून तोडायचं तर वर चढणार कोण? एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागायचं, कारण तिला दम पुरत नव्हता. तिची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती.

छातीचे डॉक्टर सरळ माणूस आहेत, फाटे फोडत नाहीत. मागच्या खेपेला त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं की हा आजार मागे फिरत नाही. घरी ऑक्सिजन आहे, तो चालू ठेवा. पण एखाद्या दिवशी दम अचानक वाढेल, मास्कनं भागणार नाही, आणि तेव्हा घशातून नळी घालून मशीनवर ठेवायचं की नाही हे ठरवावं लागेल. एकदा घातलेली नळी या आजारात बहुधा निघत नाही, माणूस तसाच पडून राहतो, बोलता येत नाही, आणि शेवटी जातो तो जातोच. अक्का लगेच म्हणाली, मला नको. भाजीवाल्याला कोथिंबीर नको म्हणावं तसं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, त्या वेळी पेशंट घाबरतो, काहीही म्हणतो. घरच्यांनी ठाम राहायचं असतं. मी म्हटलं, बघू. रिक्षात अक्का म्हणाली, शब्द दे. मी म्हटलं, बघू. त्यानंतर ती अधूनमधून विचारत राहिली, कधी भात कालवताना, कधी केस विंचरून घेताना, आणि मी बघू, बघू करत राहिले. खरं तर मी काहीच बघत नव्हते. अक्का नसलेल्या घरात कुलूप उघडून शिरायचं, दिवा लावायचा, आणि कुणी म्हणायचं नाही की आज उशीर केलास. यापलीकडे माझा विचार जातच नव्हता. नळी तर नळी, मशीन तर मशीन, ती असायला हवी होती. बोलली नाही तरी चालेल. हे असलं मी मनात म्हणायचे आणि माझी मलाच किळस यायची.

लहानपणी मला धाप लागायची. अक्का भिंतीला टेकून बसायची, मला पुढ्यात घ्यायची, माझी पाठ तिच्या छातीला लागलेली, आणि ती मोठा मोठा श्वास घ्यायची, सावकाश, माझ्या कानाशी. बोलायची नाही. मी तडफडायचे, पण हळूहळू माझी छाती तिच्या छातीच्या मागोमाग जायला लागायची, रस्त्यात आपण मोठ्या माणसाच्या पावलाबरोबर पाऊल टाकायला बघतो तशी. कधी झोप लागली ते कळायचं नाही. आता मी तेच तिच्यासाठी करायला गेले. खुर्चीच्या मागे स्टूल घेऊन बसले, तिला मागे टेकवलं, आणि मोठा श्वास घ्यायला लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, तू फार घाई करतेस, मला तुझ्याबरोबर पळायला लागतंय. आम्ही दोघी हसलो आणि हसण्यानं तिला ठसका लागला, तो थांबेना, आणि मी ऑक्सिजनच्या मशीनचं बटण वाढवायला धावले. परत तसं बसलो नाही.

हे सगळं त्या स्टुलावर मला आठवत होतं असं नाही, पण ते तिथं होतं. झाड टांगायला आकडा लागणार होता, तार लागणार होती. मी उठले, तार कापली, खोडाच्या तोंडाशी बारीक भोक पाडलं, आणि एकेक करून कपाटातली सगळी झाडं उतरवायला लागले. काम हाताला लागलं की डोकं जरा गप्प बसतं. मास्तर म्हणायचे, आधी भरून घ्यायचं, मग ओतायचं. म्हणजे राळ सोडण्याआधी फुप्फुसात पंपानं हवा भरायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी खोलीबाहेर पळाले होते. ट्रेमध्ये पडलेला तो काळपट गोळा पंपाच्या दोन दाबांत फुगला, गुलाबी झाला, कडा उचलल्या गेल्या, आणि हवा सोडल्यावर त्यानं जो आवाज केला तो थकून घरी आलेल्या माणसाचा होता. मास्तर हसले नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाले, त्यात कुणी नाही, हवा आपली आहे. तेव्हा मला ते धीर देणं वाटलं होतं. आता खिडकीशी उभं राहून मला वाटलं, जिवंत माणसाच्या बाबतीत तरी हवा कुणाची असते?

शेवटच्या खणात एक झाड होतं, ते मी कधी पुढे ठेवलं नव्हतं. अक्काच्या आजारासारख्याच आजारानं गेलेल्या कुणाचं तरी. अशा फुप्फुसात हवा भरता भरत नाही, वाळलेल्या स्पंजासारखं ते दाबालाही दाद देत नाही, आणि राळ जिथवर जाते तिथवरच झाड होतं. या झाडाला खोड होतं, मोठ्या फांद्या होत्या, पुढे काही ठिकाणी खुंटल्यासारखं आणि काही ठिकाणी गाठी. निरोगी फुप्फुसाच्या झाडाला इतकी दाट पालवी असते की आतलं काही दिसत नाही. बारीक कात्रीनं ती छाटावी लागते, तेव्हा फांद्या दिसतात. याला छाटायची वेळच आली नव्हती. उभं ठेवलेलं होतं तेव्हा ते बघवत नसे, म्हणूनच मी ते मागे सारलं होतं: उन्हाळ्यात उभं वाळून गेलेलं झाड, खाली ठोकळा, आणि ठोकळ्याला ते कशाला धरून उभं आहे याचं काहीच कारण नाही. मी त्याचा ठोकळा काढला आणि ते टांगलं. तारेवर ते जरा फिरलं, मग थांबलं. आणि ते वाळलेलं वाटेना. कसं सांगू? उभं होतं तेव्हा वाटायचं, याला जमिनीतून काही मिळालं नाही, म्हणून हे मेलं. टांगल्यावर दिसलं की जमिनीचा त्याच्याशी कधी संबंधच नव्हता. ते वरून आलेलं होतं. खोडाच्या वरच्या टोकाला गोल उघडं तोंड होतं, आणि त्या तोंडाच्या वर काहीच नव्हतं, खोलीतली हवा होती. मूळ म्हणायचं तर ते तिथं होतं. ज्याला मी अक्काचा श्वास म्हणत होते तो अक्काचा नव्हता, माझा तर नव्हताच. वरून आत आला होता, पसरला होता, आता पसरायला जागा उरली नव्हती, एवढंच. आणि आम्ही, मी आणि मास्तर, अशी झाडं ठोकळ्यात रोवून वर म्हणत होतो, उभंच शोभतं.

तोडायचं कुठून, हा अक्काचा प्रश्न होता. त्या दुपारी मला त्याचं उत्तर सापडलं, किंवा सापडलं असं वाटलं. झाडाला हातच लावायचा नाही. वरूनही नाही आणि खालूनही नाही. त्याला आपण जो ठोकळा लावलाय तो काढायचा. जन्मभर मी अशी पोथीबिथी वाचणाऱ्यांची चेष्टा केलेली बाई, आणि ॲसिडच्या वासात उभी राहून रडत होते. दुःखानं नव्हे. पाठीवरचं कुणीतरी उचलून घेतल्यावर पाठ दुखते ना, तसं काहीतरी.

संध्याकाळी अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत होती, नाकाखाली ऑक्सिजनची नळी, मांडीवर पोथी मिटलेली. मी चहाही न टाकता समोर बसले आणि सगळं सांगितलं, बाईंनी केलेला अपमान धरून. तिनं वर्गात उत्तर ऐकावं तसं ऐकलं, चेहऱ्यावर काही न दाखवता. मग म्हणाली, आकृती काढ. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला झाड काढलं, खोड वर, फांद्या खाली. माझं चित्र बघून तिनं नाक मुरडलं, पण राहू दिलं. म्हणाली, ठोकळा कुठंय? मी ठोकळा काढला, फांद्यांच्या बाजूला, वेगळा पडलेला. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"मी," मी म्हटलं.

मशीन घुरघुरत होतं. मग तिनं पोथी मांडीवरून उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "मग शब्द दे, धाकटे." आणि मी दिला. नळी घालू देणार नाही, डॉक्टर काही म्हणाले तरी, आणि तू काही म्हणालीस तरी. हे शेवटचं मी आपण होऊन म्हटलं. मला तेव्हा फार ठाम वाटत होतं. अक्कानं मान हलवली. म्हणाली, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्या रात्री ती पोटभर जेवली. मी जेवले, आणि कितीतरी दिवसांनी आडवी झाल्याबरोबर झोपले.

पुढचे दिवस चांगले गेले, हे म्हणायला लाज वाटते पण गेले. झाडं सगळी टांगून झाली. बाईंनी येऊन बघितलं आणि मनापासून कौतुक केलं, आणि मी ते घेतलं. अक्का मला शाळेतल्या गोष्टी सांगायची, थांबत थांबत, आणि मी मधे बोलायचे नाही. मी रस्त्यानं चालताना लोकांकडे बघायचे आणि मला प्रत्येकाच्या छातीत ते उलटं झाड दिसायचं, फेरीवाल्याच्या, पोलिसाच्या, पोराला मारत निघालेल्या बाईच्या, आणि त्यांच्याबद्दल मला माया वाटायची. मला, जिला शेजारणीबद्दलही वाटत नाही. पण मधेच, भांडी घासताना वगैरे, एक विचार यायचा आणि हातातलं भांडं तसंच राहायचं. की मला झोप हवी होती. रात्री उठून मशीन बघणं, तिला बाथरूमला धरून नेणं, तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर आपला श्वास अडकवून ठेवणं, याला मी कंटाळले होते, हेही खरं होतं. मग त्या दुपारी मला जे दिसलं ते झाडात होतं की माझ्या कंटाळ्यात? थकलेल्या माणसाला सोडून देण्याइतकं सोपं दुसरं काय असतं? त्याला पोथीतलं नाव दिलं की झालं. मी भांडं घासून पालथं घालायचे. त्या विचाराला मी पुरतं आत येऊ दिलं नाही कधी. कारण ते दिसलं होतं, याची मला खात्री होती. आजही आहे, तेच तर अवघड आहे.

एके दिवशी सकाळी अक्का खिडकी लावायला म्हणून उठली आणि तिथंच खाली बसली. मी आले तेव्हा ती दोन्ही हातांनी जमीन धरून श्वास घेत होती आणि श्वास येत नव्हता. ओठ निळे. मशीन होतं तितकं वाढवलं, काही झालं नाही. ॲम्ब्युलन्स आली, आम्ही गेलो. मी तिच्या डोक्याशी बसून तिच्या कपाळावरचा घाम पुसत होते आणि आतून शांत होते, अगदी शांत, मला स्वतःचाच अभिमान वाटला असेल इतकी. हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिला पडद्याआडच्या पलंगावर अर्धवट बसवलं, तोंडावर मोठा मास्क बांधला. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती. आमचे नेहमीचे डॉक्टर परगावी. तिनं यंत्राचे आकडे बघितले, थोडा वेळ थांबली, पुन्हा बघितले, आणि मला बाजूला न घेता, तिथंच पलंगाशी म्हणाली की मास्कवर होत नाहीये, आता नळी घालायची तर लगेच घालावी लागेल. मी बोलायला तोंड उघडलं. वाक्य माझ्याकडे तयार होतं, कित्येक दिवस मी ते मनात घोळवलं होतं. तेवढ्यात अक्कानं मास्क ओढला.

"घाला," ती म्हणाली. आवाज फाटका होता पण शब्द स्वच्छ होता. "मला मरायचं नाही."

नर्सनं मास्क परत बसवला. अक्का डॉक्टर मुलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ते डोळे मी कधी पाहिले नव्हते. भूमिती शिकवणाऱ्या बाईचे ते नव्हते, पोथीत काट मारणारीचे नव्हते. एवढ्याशा मुलीचे होते, गर्दीत हात सुटलेल्या. त्या वेळी पेशंट घाबरतो, काहीही म्हणतो, ठाम राहायचं असतं. मला हे लख्ख आठवत होतं. मी शब्द दिला होता, तू काही म्हणालीस तरी, असं मीच वर म्हटलं होतं. कुठली अक्का खरी? खिडकीशी बसून मान हलवणारी, की ही? तिला आधी पक्कं ठाऊक होतं की आपल्याला असं होईल, म्हणूनच तर शब्द घेतला होता. आणि तरी आता तिला मरायचं नव्हतं. मी तिला काय सांगणार होते, की अक्का, आपण उत्तर काढलंय, आता बदलू नकोस? मला जे सापडलं होतं ते किती सुंदर होतं, आणि किती घट्ट धरलं होतं मी ते. डॉक्टर मुलगी माझ्याकडे वळली. म्हणाली, "यांनी आधी कधी याबद्दल काही सांगून ठेवलंय? नको वगैरे?"

यंत्र वाजत होतं. अक्काची छाती वरखाली होत होती आणि आत काही जात नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "काही सांगितलेलं नाही. घाला तुम्ही."

अक्कानं डोळे मिटले. सुटली म्हणून मिटले की माझ्याकडे बघवेना म्हणून, ते मला कळलं नाही, आणि आता विचारता येत नाही. नळी आहे, ती बोलू शकत नाही. मी रोज जाते, ती कधी बघते, कधी बघत नाही. पण ते नंतरचं. त्या वेळी डॉक्टर मुलीनं सामान मागवलं, पलंग खाली केला, आणि नर्स मला म्हणाली की तुम्ही बाहेर थांबा. मी म्हटलं, थांबते, पण हिनं माझा हात धरलाय, तेवढा सोडवा, मला सोडवत नाही. नर्स घाईत होती. ती वाकली, आमच्या हातांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"त्यांनी नाही धरलेला," ती म्हणाली. "तुम्हीच धरलाय."

मी खाली पाहिलं. अक्काची बोटं उघडीच होती.